केळीच्या खोडातला धागा: समज आणि वस्तुस्थिती

रावेर-यावलच्या पट्ट्यात घड उतरवला की खोड बांधावर फेकलं जातं. केळीच्या एका खांबाला घड एकदाच लागतो. पुढचं पीक बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर. मग उरलेल्या खोडाची अडचणच जास्त. त्यातून धागा निघतो ही बातमी आता गावोगाव पोचली आहे, सोबत काही भलत्या समजुतीही.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे खोडभर धागा मिळतो. हे खोड लाकूड नव्हेच. एकावर एक गुंडाळलेली सोपटं आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. सोपट यंत्राच्या फिरत्या पात्यांवर धरलं की गर आणि पाणी खरवडून निघतं, हाती उरतो ओलसर, पिवळट झुबका. टनभर खोडामागे सुका धागा साधारण १० ते १५ किलो. म्हणजे खोडं ट्रॅक्टरने लांब नेणं हे पाणी वाहून नेणंच. यंत्र बागेजवळ हवं.

कचऱ्यातला म्हणून कच्चा, असंही नाही. धाग्यात साठ टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतं. ताण सोसण्यात काचतंतू पुढेच. पण काचतंतूची घनता सुमारे २.५, केळीच्या धाग्याची १.३५, त्यामुळे वजनाच्या मानाने अंतर बरंच घटतं. केळीच्याच कुळातल्या, फिलिपिन्समधल्या अबाकाचा धागा मर्सिडीजने ए-क्लास मोटारीच्या स्टेपनीच्या खाचेच्या आवरणासाठी वापरला आहे. (अबाका मात्र टाकाऊ नव्हे, तो धाग्यासाठीच लावतात.)

तापवल्यावर हा धागा वितळतो का? नाही, कोळसतो. १०० अंशांपर्यंत फक्त ओल उडते. साधारण २२० च्या पुढे धाग्यातलं हेमिसेल्युलोज मोडू लागतं, ३१५ ते ४०० च्या दरम्यान सेल्युलोज. लिग्निन रेंगाळत जळतं. म्हणून वितळलेल्या प्लास्टिकात मिसळून वस्तू करायच्या तर १६५ अंशांच्या आसपास वितळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनशी त्याचं जमतं, २६० ला वितळणाऱ्या पॉलिएस्टरशी नाही.

एकदा वाळवला की काम झालं, हाही भ्रमच. वाळलेला धागा दमट हवेत वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक ओल ओढतो. तसाच तापल्या प्लास्टिकात मिसळला तर ओलीची वाफ होऊन वस्तूत बुडबुडे राहतात.

शिवाय एका खोडातला सगळा धागा सारखा नसतो. जपानात ओकिनावातल्या किजोका गावी केळीच्या धाग्याचं कापड विणतात. तिथे आधी थर वेगळे करतात: बाहेरचा जाडाभरडा धागा टेबलावरच्या आसनांसाठी, आतला मऊ किमोनोसाठी.