आवाज न करणारी बॅट

निघोज्याच्या हद्दीतल्या एका कारखान्यात, कॅन्टीनला लागून, टेबल टेनिसचं एक टेबल आहे. एका बाजूची कड फुगलेली, जाळीचा क्लॅम्प आमच्याच टूलरूममध्ये बनवलेला. जेवण उरकून उरलेल्या दहा-बारा मिनिटांत तिथं नंबर लागतात. मध्यंतरी एका पोरानं बॅटचं फाटकं रबर खरवडून काढलं आणि त्या जागी गाडीच्या सीटच्या फोमचा तुकडा कापून चिकटवला. दोन दिवस तो कुणाला हरेना. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या फिटरनं खेळ अर्ध्यावर थांबवला. "हिचा आवाजच येत नाय राव. बॉल जोरात आलाय का हळू, कळायचं कसं?"

हातातला डबा तसाच धरून मी उभा राहिलो. हुबेहूब हीच तक्रार फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईत जगातले नामांकित खेळाडू करत होते.

१९५२ म्हटलं की मराठी माणसाला खाशाबा जाधव आठवतात, आणि आठवावेतच. हेलसिंकीचं ते कांस्यपदक जुलैतलं. त्याच्या पाच-सहा महिने आधी, देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून उरकत असताना, १ ते १० फेब्रुवारीला मुंबईत टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आशियात ती पहिल्यांदाच येत होती. आपल्या दारात एवढं मोठं काही घडून गेलं, हे आज टेबल टेनिस खेळणाऱ्या पोरांनाही ठाऊक नसतं.

स्पर्धा जागतिक असली तरी खेळ युरोपचाच होता. १९२६ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापक देशांत भारतही होता, पण चषक उचलायचे ते मुख्यतः हंगेरीवाले आणि चेकोस्लोव्हाकियावाले. हंगेरीचा व्हिक्टर बार्ना एकेरीचा पाचदा विजेता. तो आणि त्याचा जोडीदार बेलाक यांचं नाव आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या पुरुषांच्या सांघिक चषकाला आहे, त्यामुळे 'बार्ना-बेलाक' हे शब्द इथल्या खेळाडूंच्या तोंडात असतात, माणसं कोण होती हे विसरलं तरी. स्पर्धा युरोपाबाहेर गेली होती ती एकदाच, १९३९ मध्ये कैरोला.

त्या काळची बॅट म्हणजे लाकडाची फळी आणि तिच्यावर बारीक पुटकुळ्यांचं रबर. चेंडू लागला की स्वच्छ 'टक' व्हायचं. स्मॅशचा आवाज वेगळा, चॉपचा वेगळा. खेळही त्या बॅटला साजेसा, चिवट बचावाचा. १९३६ मध्ये प्रागला पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांचा पहिला गुण लागायला दोन तासांहून जास्त वेळ गेला! पुढच्या वर्षी महिलांचा अंतिम सामना वेळेत संपेना म्हणून विजेतेपद रिकामंच ठेवलं गेलं. मग जाळी खाली आणली, वेळेची मर्यादा घातली. आवाज मात्र तोच राहिला.

मुंबईला आलेल्या मंडळींच्या अंगावर युद्धाचे वण होते. इंग्लंडकडून खेळणारा रिचर्ड बर्गमन मूळचा ऑस्ट्रियाचा, ज्यू. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर देश सोडून आलेला. रुमानियाची अँजेलिका रोझेआनू हीसुद्धा ज्यू. युद्धाच्या वर्षांत तिला खेळाच्या हॉलमध्ये पाऊल टाकायची बंदी होती. बंदी उठली आणि १९५० ते १९५५ अशी सलग सहा वर्षं महिला एकेरीचं विजेतेपद तिच्याकडे राहिलं. मुंबईचं त्यातलंच एक. अमेरिकेचा मार्टी रीझमन नुकतीच बाविशी गाठलेला, जिभेनं आणि हातानं सारखाच तिखट, आणि यंदा आपणच जिंकणार अशा तोऱ्यात.

जपानकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो देश जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच उतरत होता. जपानवरचा परका ताबा उठवणाऱ्या सान फ्रान्सिस्कोच्या तहावर सह्या झाल्या होत्या, तो लागू व्हायला अजून अडीच महिने होते. म्हणजे हे खेळाडू परकी सैन्याच्या ताब्यातल्या देशातून आले होते. त्यातला हिरोजी सातो चष्मा लावणारा, अंगानं किरकोळ, पेन धरावा तशी बॅट धरणारा. त्याच्या बॅटवर पुटकुळ्यांचं रबर नव्हतं. जाड स्पंज होता.

मेंटेनन्सच्या माणसाला इथं काय झालं ते सांगावं लागत नाही. आम्ही मशिन आधी कानानं तपासतो. बेअरिंग 'बोलायला' लागलं की कव्हर उघडायच्या आधी समजतं. उद्या कुणी सगळ्या मशिनी मुक्या करून दिल्या तर पहिले काही दिवस आम्ही आंधळ्यासारखे चाचपडू. सातोसमोर रीझमनचं तसंच झालं. चेंडू स्पंजात रुतायचा आणि गलोलीतून सुटावा तसा परत यायचा, तोही गुपचूप. 'टक' नाही, म्हणून वेगाचा अंदाज नाही. आपणच दिलेली फिरकी भलतीच होऊन अंगावर यायची. रीझमन हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोचियानही हरला. युरोपाबाहेरच्या माणसानं पुरुष एकेरी जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

रीझमननं हे दुखणं जन्मभर जपलं. जुन्या कडक बॅटीचा तो शेवटपर्यंत वकील राहिला आणि १९९७ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्याच बॅटीच्या प्रकारात अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. त्याच्याबद्दल मला जिव्हाळा वाटतो, पण त्याचं म्हणणं पुरतं पटत नाही. स्पंज काही पहिल्यांदा सातोलाच सुचला नव्हता, आणि नियमात त्याला मनाई नव्हती. शिवाय मुंबईतल्या सात विजेतेपदांपैकी जपाननं चार नेली. पुरुष दुहेरी फुजी आणि हायाशीनं मारली, महिला दुहेरी आणि महिलांचा सांघिक कॉर्बिलियन चषकही तिकडेच गेला. महिलांचा चषक तर काही सातोच्या बॅटनं जिंकला नव्हता. हंगेरीकडे पुरुषांचा स्वेथलिंग चषक राहिला. मिश्र दुहेरी हंगेरीचा शिदो आणि रोझेआनू यांनी मिळून घेतली.

युरोपच्या घरच्या स्पर्धांना बाहेरचे धक्के तेव्हा इतरत्रही बसत होते. बास्केटबॉलचंच घ्या. १९४७ ची युरोपीय स्पर्धा प्रागला सोव्हिएत संघानं जिंकली. विजेत्यानं पुढची भरवायची असा रिवाज, पण सोव्हिएत संघानं नकार दिला, दुसऱ्या आलेल्या चेकोस्लोव्हाकियानंही. तिसरा होता इजिप्त! मग १९४९ मध्ये युरोपचं अजिंक्यपद कैरोत, अवघ्या सात संघांत खेळलं गेलं आणि यजमान इजिप्तनंच ते पटकावलं. फ्रान्स दुसरा. फरक एवढाच, की बास्केटबॉलमध्ये युरोपनं आपलं विजेतेपद दोन वर्षांत परत नेलं. टेबल टेनिसमध्ये तसं झालं नाही.

सातो पुन्हा कधी जगज्जेता झाला नाही. १९५३ मध्ये बुखारेस्टला शिदो जिंकला तेव्हा जुन्या बॅटवाल्यांना वाटलं असेल, वादळ गेलं. पुढच्याच वर्षी लंडनला जपानचाच ओगिमुरा आला, मग तनाका. १९५४ पासून १९५९ पर्यंत स्वेथलिंग चषक दरवेळी जपानकडे. १९५९ मध्ये डॉर्टमुंडला रोंग ग्वोत्वान जिंकला, चीनचा कुठल्याही खेळातला पहिला जगज्जेता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडेही तेव्हा माणसं होती. मुंबईच्या गुल नासिकवाला यांनी त्याच १९५२ साली सिंगापूरच्या आशियाई स्पर्धेत महिला एकेरीचं सुवर्ण मिळवलं. मराठी घरांतून पुढे मीना परांडे, शैलजा साळोखे आल्या. १९८८ मध्ये खेळ ऑलिंपिकमध्ये गेला तेव्हा सेऊलला सुजय घोरपडे होते. पण मुंबईत दार उघडलं ते जपान-चीनसाठी, आपण उंबऱ्यावरच राहिलो.

स्पंजचा वाद सात वर्षं चालला. अखेर १९५९ मध्ये नियम आला. नुसता स्पंज बाद. स्पंजवर पुटकुळ्यांचं रबर हवं, आणि चिकटवणाच्या गोंदासकट सगळा थर ४ मिलिमीटरच्या आत.

हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, तर पोरगा म्हणाला, "मग मोजा ना." फिटरनं खिशातून व्हर्नियर काढला, फोमला जबडे लावले, चष्मा वर करून आकडा वाचला. साडेसात. बॅट त्याच्या ड्रॉवरमध्ये गेली आणि सायरन झाला.