जालना ते मुंबई : आकाशातील अंतर आणि घड्याळातील वेळ

घरातील एखाद्या रुग्णास परळच्या टाटा रुग्णालयात न्यावयाचे ठरले, म्हणजे जालन्याच्या मंडळींत पहिला प्रश्न निघतो तो विमानाचा. नकाशा पाहणारा सांगतो, की जालना ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३२५ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानास ते पंचवीस मिनिटांचे काम. गणित बरोबर आहे. मात्र असा प्रवास कोणासही घडत नाही.

जालन्यास धावपट्टी असली तरी तेथून प्रवासी विमाने नियमाने सुटत नाहीत. त्यासाठी चिकलठाणा गाठावे लागते. तो विमानतळ छत्रपती संभाजीनगरच्या जालन्याकडील अंगास असल्यामुळे शहर ओलांडण्याचा त्रास वाचतो, हे त्यातल्या त्यात बरे. तथापि पन्नास-पंचावन्न किलोमीटरांच्या रस्त्यात तासभर जातोच. तेथून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर. मग वेळापत्रकात तास-सव्वा तास का लिहिलेला असतो?

याचे कारण असे, की वेळापत्रकातील वेळ केवळ उड्डाणाची नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईस जागेवर उभे राहीपर्यंतचा तो हिशेब होय. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल आली, चढण आली, उतरण आली. इतक्या जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने सरळ जाण्यास विमानास फारच थोडा अवकाश मिळतो. चढून होते न होते तोच उतरावयास आरंभ करावा लागतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात व मुंबईस जाताना ते समोरून येतात; परंतु एवढ्याशा अंतरात त्यांनी काही मिनिटांपलीकडे फरक पडत नाही. खरा खोळंबा मुंबईच्या डोक्यावर. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता-उतरविता येत नाहीत, आणि येणाऱ्या विमानास पुष्कळदा आकाशातच घिरट्या घालीत पाळी येण्याची वाट पाहावी लागते.

यात विमानतळावर आधी पोहोचण्याचा तास-दीड तास आणि उतरल्यावर सामान घेऊन परळपर्यंत जाण्याचा वेळ मिळविला, की बेरीज साडेचार-पाच तासांवर जाते.

आता जमिनीवरचे पाहावे. ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमण्यापर्यंत पुरा झाला. त्यावर मोटारीस ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. जालन्याहून निघालेली मोटार चार तासांच्या आत भिवंडीजवळच्या आमण्यास येऊ शकते. पुढची गर्दी ओलांडण्यास किती वेळ लागेल, हे सांगण्याचे धाडस मुंबईकरही करणार नाही.

आगगाडीचा मार्ग मनमाडवरून वळसा घेतो, म्हणून तो सुमारे ४३५ किलोमीटरांचा होतो. मीटरगेजच्या काळात मनमाडास गाडी बदलावी लागे. आजारी माणसास उतरवून पुन्हा चढविण्याचे ते कष्ट ज्यांनी सोसले, त्यांस रुंद रुळांचे मोल सांगावयास नको. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली व २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. तिला जालन्याहून जवळजवळ सात तास लागतात.

म्हणजे विमानाची खरी बचत दोन-अडीच तासांची. व्यापाऱ्यास ती पुष्कळ वाटेल. रुग्णाचे मात्र निराळे आहे. विमानाने जाताना त्यास मोटार, विमानतळ, विमान आणि पुन्हा मोटार अशी चढउतार करावी लागते. रेल्वेत जालन्यास धरलेली जागा दादरपर्यंत सोडावी लागत नाही, आणि दादरहून परळ अगदी जवळ आहे.