वारंवार गोठणाऱ्या जुन्या संगणकाचे दोषनिदान

यंत्र बंद पडणे आणि यंत्र अधूनमधून अडणे या दोन घटना वरवर सारख्या भासल्या, तरी निदानाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. पूर्णपणे बंद पडलेल्या यंत्रात दोष सतत उपस्थित असतो. म्हणून त्याचा शोध चिकाटीचा असला तरी फारसा अवघड नसतो. उलटपक्षी जो संगणक दोन दिवस निर्वेधपणे चालतो आणि तिसऱ्या दिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता, पडद्यावरील चित्रासह जागच्या जागी थिजतो, त्याचा दोष परीक्षकासमोर प्रकट होईलच असे नाही. व्यवहारात ज्याला ‘हँग होणे’ म्हणतात, त्या या विकाराचे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

या प्रश्नाला स्थानिक परिस्थितीचीही एक बाजू आहे. भायखळ्याच्या पूर्वेस, रे रोड व कॉटन ग्रीन या हार्बर मार्गावरील स्थानकांच्या लगत वसलेला घोडपदेवचा परिसर बंदरापासून दूर नाही. समुद्रावरून येणारी खारट दमट हवा, गोदामांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची धूळ आणि जून ते सप्टेंबर या काळातील आर्द्रता यांचा संयोग येथे सहजच घडतो. कोरडी धूळ ही मुख्यतः उष्णतेला अडवते. पण क्षारयुक्त धूळ ओलावा शोषून घेते व किंचित विद्युत्वाहक बनते. जोडण्यांवर गंज चढण्यास हीच अवस्था कारणीभूत होते. चाळीच्या खोलीत, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या दहा वर्षांच्या संगणकाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

दोष शोधण्याची ही विद्या या शहराला नवी नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला व १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. तो निर्वात नलिकांवर चालणारा होता, आणि अशा यंत्रांत पूर्ण निकामी झालेल्या नलिकेपेक्षा अर्धवट क्षीण झालेली नलिका अधिक त्रासदायक ठरत असे. अमेरिकेतील ‘व्हर्लविंड’ या संगणकावर त्यासाठी एक युक्ती योजली गेली: विद्युत्-दाब हेतुतः कमी-अधिक करून क्षीण घटकांना चुकावयास लावावयाचे व ते नेमके हुडकून बदलावयाचे. जो घटक सामान्य स्थितीत कसाबसा तग धरतो, तो ताण वाढताच उघडा पडतो, हे त्यामागील तत्त्व आजच्या संगणकालाही तंतोतंत लागू आहे.

प्रथम कर्तव्य

निदानापूर्वी संचित माहिती सुरक्षित करणे अगत्याचे आहे. सदोष रॅम केवळ यंत्र थांबवीत नाही. ती एखादा अंक मुकाट्याने बदलते आणि तो बदललेला अंक हार्ड डिस्कवर लिहिला जातो. संशोधकाच्या दृष्टीने गोठणे हा त्यामानाने सौम्य अपाय आहे, कारण तो निदान दिसतो. प्रबंधाच्या सारणीतील चुकलेला आकडा मात्र दिसत नाही. यास्तव संशयित यंत्रावरच प्रत काढू नये. हार्ड डिस्क काढून ती दुसऱ्या निर्दोष संगणकाला जोडावी व तेथे प्रत घ्यावी. डिस्कच क्षीण असल्याचा संशय असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने प्रथम संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी, कारण मरणासन्न डिस्कवर वारंवार वाचन करणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य खर्च करणे होय.

लक्षणांचे वर्गीकरण

यानंतर विकाराचे स्वरूप निश्चित करावे. यंत्र थिजले असता कीबोर्डवरील नमलॉकची कळ दाबावी. दिवा लागत-विझत असेल, तर कार्यप्रणालीचा गाभा अद्याप जिवंत आहे. दोष बहुधा एखाद्या आज्ञावलीत, चित्रपटलाच्या कार्डात किंवा डिस्कच्या प्रतीक्षेत आहे. दिवा मुळीच प्रतिसाद देत नसेल, तर रॅम, मदरबोर्ड अथवा वीजपुरवठा यांकडे संशय वळतो. बाणाचे चिन्ह हलते परंतु काहीही उघडत नाही आणि डिस्कचा दिवा अखंड जळतो, ही डिस्कची खूण होय. वाचता न येणारा भाग डिस्क पुनःपुन्हा वाचू पाहते आणि तोवर सर्व कामे खोळंबतात.

काळाचे निरीक्षणही तितकेच बोलके असते. सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत गोठणारा व मग दिवसभर सुरळीत चालणारा संगणक जीर्ण कपॅसिटरकडे बोट दाखवतो, कारण असे कपॅसिटर थंड असताना अधिक निकामी ठरतात. अर्ध्या तासाने गोठणारे यंत्र उष्णतेचा संशय निर्माण करते. मात्र येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. गेल्या सुमारे दोन दशकांतील प्रोसेसर अतितप्त झाल्यास प्रथम आपली गती मंदावतात आणि तरीही ताप वाढल्यास यंत्र सरळ बंद करतात. म्हणून निव्वळ प्रोसेसरच्या तापाने यंत्र मंद होते किंवा एकाएकी विझते. ते थिजते असे सहसा घडत नाही. उष्णतेबरोबर गोठणे वाढत असेल, तर मदरबोर्डवरील दाबनियामक भाग, चिपसेट व रॅम यांची तपासणी अधिक अगत्याची समजावी.

परीक्षणाचा क्रम

क्रम ठरविताना एकच कसोटी लावावी: जी तपासणी अल्पखर्ची व निरुपद्रवी, ती आधी. धूळ काढणे, पंखे फिरतात की नाही ते पाहणे, केबल काढून घट्ट बसवणे आणि प्रोसेसरवरील वाळलेली उष्मावाहक पेस्ट बदलणे ही कामे प्रथम करावीत. तत्पूर्वी प्लगच्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे काय, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या वायरिंगमध्ये ते नसणे अशक्य नाही. अशा वेळी यंत्राच्या लोखंडी पेटीला हात लावताच झिणझिणी येते.

दुसरी पायरी डिस्कची. डिस्क आपल्या प्रकृतीची जी नोंद स्वतः ठेवते, तिच्यातील तीन रकाने महत्त्वाचे आहेत. पाचव्या रकान्यात बदली केलेल्या खंडांची, १९७व्यात निर्णय न लागलेल्या खंडांची आणि १९९व्यात केबलमधून जाताना झालेल्या चुकांची संख्या असते. पहिल्या दोहोंत वाढ होत असेल, तर डिस्क बदलावी. केवळ तिसरी वाढत असेल, तर बहुधा केबल बदलणे पुरेसे होते. हा भेद न जाणल्यामुळे चांगली डिस्क टाकून दिली जाते.

तिसरी पायरी रॅमची. ‘मेमटेस्ट’ ही आज्ञावली पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू द्यावी. एक चूक आढळली तरी ती पुरेशी आहे. त्यानंतर एकेक पट्टी एकेका खाचेत बसवून पाहावी. चूक पट्टीबरोबर फिरली, तर पट्टी सदोष. खाचेशीच राहिली, तर मदरबोर्ड सदोष. सर्वच जोड्यांत चूक येत असेल, तर वीजपुरवठ्याकडे वळावे. उलट, परीक्षा निर्दोष पार पडली म्हणजे रॅम निर्दोष ठरली असे मानू नये. त्या वेळी प्रत्यक्ष कामाचा ताप व भार नसतो.

चौथी पायरी वीजपुरवठ्याची, म्हणजे एसएमपीएसची. १२, ५ व ३.३ व्होल्ट या दाबांत शेकडा ५ इतकाच फरक ग्राह्य आहे. म्हणजे १२ व्होल्टचा दाब ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान असावा. परंतु साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. दाबावर स्वार झालेली जलद तरंगणी तो दाखवीत नाही, आणि यंत्र गोठण्यास बहुधा तीच कारण असते. म्हणून निर्दोष म्हणून ज्ञात असलेला दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच विश्वसनीय कसोटी होय. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात व प्लग काढल्यानंतरही ते काही काळ टिकतात.

कपॅसिटरच्या आयुष्याचा हिशेब उद्बोधक आहे. तापमान १० अंशांनी वाढल्यास त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकेल. रोज ८ तास या दराने ही सुमारे ११ वर्षे होतात. धुळीमुळे आतील तापमान ७५ अंशांवर गेले, तर तीच मुदत साडेपाच वर्षांवर येते. माथा फुगलेला वा तपकिरी द्रव स्रवलेला कपॅसिटर डोळ्यांनी ओळखता येतो. परंतु बाहेरून धडधाकट दिसणारा कपॅसिटरही आतून सुकलेला असू शकतो.

निष्कर्षाची विश्वसनीयता

एका वेळी एकच भाग बदलावा, हा नियम सर्वश्रुत आहे. बदल केल्यावर किती काळ थांबावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. यंत्र सरासरी २ दिवसांतून एकदा, यदृच्छया गोठत असेल, तर कोणताही बदल न करताही एक दिवस निर्विघ्न जाण्याची संभाव्यता सुमारे ०.६१ आहे. म्हणजे नवी रॅम घातली व दुसऱ्या दिवशी यंत्र गोठले नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. सरासरी अंतराच्या तिप्पट काळ, येथे ६ दिवस, शांततेत गेला, तर ती शांतता योगायोगाची असण्याची संभाव्यता ०.०५वर येते. लॅमिंग्टन रोडवरून एकामागून एक भाग आणून अखेरीस संपूर्ण संगणकच बदलला जातो, याचे मूळ बहुधा सदोष भागांपेक्षा या उतावीळ अनुमानात असते.

सर्व पायऱ्यांनंतर दोष मदरबोर्डवर स्थिरावला, तर दुरुस्तीचा आग्रह सोडणे श्रेयस्कर. जुन्या बनावटीचा बोर्ड मिळाला तरी तोही तितकाच वृद्ध असतो. तोपर्यंत डिस्क, रॅम व एसएमपीएस यांच्याविषयी जे निश्चित ज्ञान झाले, ते वाया जात नाही: कोणता भाग दुसऱ्या यंत्रात निर्धास्तपणे वापरावा आणि कोणता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनाकडे द्यावा, हे त्यावरूनच ठरते. आणि ज्या काळात रॅम सदोष होती असे सिद्ध झाले, त्या काळातील गणिते पुन्हा करून पाहणे हे संशोधकाचे शेवटचे, परंतु टाळता न येणारे कर्तव्य होय.