तळ्यावरची राजधानी

मेक्सिको सिटीतील स्वातंत्र्यस्मारकाला मागाहून १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या. का, ठाऊक आहे? १९१० साली उभारलेले हे स्मारक खोल रोवलेल्या खांबांवर उभे आहे. ते जागीच राहिले आणि भोवतालचा रस्ता मात्र खाली गेला! या नवलाचे मूळ नगरीच्या सात शतकांच्या इतिहासात आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील खोऱ्यात टेश्कोको नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. परंपरेनुसार १३२५ साली ॲझ्टेक लोकांनी त्यातील बेटावर टेनोच्टिट्लान ही राजधानी वसवली. उथळ पाण्यात चिखल व पालापाचोळ्याचे थर रचून त्यांनी मळे पिकवले. पंधराव्या शतकात लांबलचक बांध घालून सरोवराचे खारे पाणी गोड्या पाण्यापासून वेगळे केले.

१५२१ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेसने हे नगर जिंकले. उद्ध्वस्त नगराच्या जागी नवी राजधानी उभी राहिली. पण तिला पाणी शत्रू वाटू लागले. १६०७ साली पाणी बाहेर काढण्यासाठी बोगदा खणायला घेतला. तरीही १६२९ च्या पुराने शहर पाच वर्षे पाण्यात राहिले! अखेर १९०० साली मोठा कालवा पुरा झाला आणि सरोवर जवळजवळ नाहीसे झाले.

मग लोकसंख्या वाढली, पाणी अपुरे पडले. तेव्हा जमिनीखालचे पाणी उपसणे सुरू झाले. सरोवराच्या तळाची चिकणमाती पाण्याने फुगलेली होती. पाणी जाताच तिचे कण एकमेकांवर दाबले गेले. पिळलेला स्पंज पाण्यात टाकला की पुन्हा फुगतो. ही माती मात्र पूर्ववत होत नाही. विसाव्या शतकात शहराचा मध्यभाग सात मीटरहून अधिक खचला. कालव्याचा उतारही गेला आणि सांडपाणी पंपांनी वर चढवावे लागले.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ भूकंप झाला. ताटातला खरवस हलावा तशी ही मऊ माती हेलकावली. इमारती कोसळून हजारो माणसे दगावली. खडकाळ भागात मात्र हानी पुष्कळ कमी झाली.

तळे बुजवले, तरी त्याचा तळ तिथेच राहतो. मुंबईच्या धोबीतलावात आज तलाव नाही, नाव तेवढे उरले आहे. तुमच्या गावात अशी नावे आहेत का? शोधा, आणि आज तिथे काय उभे आहे ते वहीत टिपून ठेवा.