वाघाचं जंगल, ब्रॉडगेज आणि परंपरावादी पुढारी

अकोल्याहून खांडव्याला जाणारी छोटी लाईन वऱ्हाडातल्या जुन्या मंडळींना चांगली आठवत असेल. अकोट, हिवरखेड मागं टाकून गाडी वान अभयारण्यात शिरायची. धुळघाटाजवळ रूळ मोठा वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडायचा आणि सातपुडा पार करून गाडी मध्य प्रदेशात उतरायची. २०१७ च्या सुरुवातीला ही मीटरगेज गाडी बंद झाली. तिच्या जागी ब्रॉडगेज टाकायचं ठरलं होतं. सुमारे १७५ किलोमीटरच्या या मार्गातले जवळपास ४० किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातात. रूळ तर आधीपासून होतेच, मग ते रुंद केल्यानं काय बिघडणार होतं?

मीटरगेजच्या दोन रुळांमध्ये १००० मिलिमीटर अंतर असतं, ब्रॉडगेजच्या १६७६. फरक जेमतेम दीड हाताचा. पण छोट्या लाईनवर दिवसातून मोजक्याच गाड्या, त्याही घाटात रांगत जाणाऱ्या. ब्रॉडगेज म्हणजे अवजड मालगाड्या, जास्त वेग आणि रात्रंदिवस वाहतूक. अशा गाड्यांना तीव्र चढ आणि आखूड वळणं चालत नाहीत. त्यासाठी डोंगर कापावे लागतात, भराव घालावे लागतात, बोगदे खणावे लागतात. थोडक्यात, एखाद्या पाऊलवाटेची भिंत होते. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे प्राणी हळूहळू एकमेकांना दुरावतात. तुटलेल्या लहान तुकड्यात नात्यातल्या नात्यात प्रजनन होतं, आनुवंशिक विविधता घटते आणि एखादी साथ किंवा दुष्काळ ती संख्या पुसून टाकू शकतो. रुळाखाली सापडून मेलेला वाघ दिसतो, हे मात्र पटकन दिसत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून हा मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून न्यावा अशी मागणी केली. बाहेरून नेला तर जंगल वाचेल आणि वस्तीच्या गावांनाही रेल्वे मिळेल, असा त्यांचा मुद्दा होता. वळसा लांबचा, म्हणून खर्चाचा, हा आक्षेप होताच. पुढं हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूनं जाणाऱ्या मार्गाची आखणी हाती घेण्यात आली. यात केंद्र आणि राज्य यांच्यातलं राजकारण नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. पण आम्हांला लक्षणीय वाटतं ते असं की, ठाकरे काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीचे मुख्यमंत्री असले, तरी त्यांची शिवसेना घडली ती हिंदुत्वाच्या, परंपरावादी म्हणवल्या जाणाऱ्या राजकारणात.

पर्यावरण हा डाव्यांचा किंवा चळवळ्यांचा विषय, असा एक समज आहे. इतिहास तसं सांगत नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये स्थापन झाली ती रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या काळात. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर मूळच्या रसायनशास्त्राच्या पदवीधर. ओझोनचा थर विरळ होतोय हे त्यांना समजावून सांगायला फार वेळ लागला नसावा! १९८७ च्या माँट्रियल करारावर त्यांच्या आणि रेगन यांच्या, दोन्ही सरकारांनी सह्या केल्या. १९८९ मध्ये थॅचरबाईंनी संयुक्त राष्ट्रांसमोर हवामानबदलाबद्दल इशारा दिला.

यामागं एक जुना विचार आहे: वाडवडिलांकडून आलेली मिळकत उधळायची नाही, पुढच्या पिढीला सोपवायची. वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तो नव्यानं शिकवावा लागत नाही. अडचण अशी की याच पक्षांचा उद्योगांवर आणि बाजारावर भरवसा असतो. दोन्ही ओढी एकाच माणसात दिसतात. निक्सन यांनीच १९७२ चा जलप्रदूषणाचा कायदा खर्चाचं कारण देऊन नाकारला होता. संसदेनं तो त्यांना डावलून मंजूर केला. थॅचरबाईही पुढं हवामानबदलाच्या उपायांबद्दल साशंक झाल्या. आपल्याकडंही तेच. वाजपेयींच्या काळात, २००२ मध्ये जैवविविधता कायदा झाला. भाजप-शिवसेनेच्या राज्य सरकारनं २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, आणि त्याच सरकारच्या काळात ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात पडली. अर्थात, आपल्या वन्यजीव कायद्याचा आणि व्याघ्र प्रकल्पाचा पाया १९७२-७३ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेस सरकारनं घातला. मेळघाट हा पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्यामुळं श्रेय एकाच पक्षाच्या पदरात टाकता येत नाही.

मेळघाटाच्या बाबतीत मात्र एक हिशेब राहतोच. वाघाला निवांत जागा हवी म्हणून बोरी, कोहा, कुंड यांसारखी कोरकूंची गावं या शतकाच्या सुरुवातीला उठवून अकोटकडच्या सपाटीवर वसवली गेली. नंतर आणखी गावं उठली. वाडवडिलांची मिळकत हाच निकष लावायचा, तर ती जमीन कोरकूंचीही होती. त्यांना घरं सोडायला लावून त्याच जंगलातून मालगाड्या नेल्या असत्या, तर त्यांच्या प्रश्नाला कुठल्याच पक्षाकडं उत्तर नसतं. आता रेल्वे बाहेरून जायची आहे. उठवलेल्या गावांना कबूल केलेली जमीन, पाणी आणि शाळा मिळाली का, हे तुमच्या वर्गातली मुलं अकोट तालुक्यात जाऊन विचारू शकतात.