बिडाची वाडी

1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार झाले आणि पडून राहिले. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. ते बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले होते चित्रकला शिकायला; रंग नीट ओळखता येईनात म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआय या तांत्रिक संस्थेत शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीला रामराम ठोकून बेळगावात परतले.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं, तर नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा 32 एकरांचा माळ त्यांनी दिला. निवडुंग आणि साप यांचंच तिथे राज्य होतं. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे स्टेशनानेही तेच नाव घेतलं.

पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड आणि कोळसा दोन्ही मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. हा प्रसंग चमकदार आहे खरा, पण कारखान्याचा कस लागला तो पुढे, 1926 साली सेंट्रिफ्यूगल पंप बनवताना.

नांगराचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भरीव; पंपाचं पोकळ. गोगलगाईच्या शंखासारखी वळत रुंदावणारी पोकळी साच्यात हवी, तर वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, वेगळा करून आत बसवावा लागतो. तो केसभर सरकला की भिंत एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. वाळूत ओल जास्त राहिली की रस ओतताना वाफ कोंडते आणि बिडात ब्लो होल, म्हणजे पोकळ छिद्र, पडतं. वरून ओतलेला जॉब गुळगुळीत दिसतो. खोट उघडी पडते ती पंपाच्या कवचात, म्हणजे केसिंगमध्ये, दाबाने पाणी भरल्यावर, एखाद्या ठिकाणी घाम फुटल्यासारखं झिरपलं की. असा जॉब पुन्हा भट्टीत.

या यंत्राची एक मर्यादा मात्र कुठल्याच कारखान्याला ओलांडता आली नाही. पंप पाणी उंच फेकेल, पण खालून सात-आठ मीटरपलीकडे ओढणार नाही, कारण तिथे जोर हवेच्या दाबाचा असतो. म्हणून खाणीत पंपच पाण्यापाशी न्यावा लागतो. गोंदिया जिल्ह्यात इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याने, उताराने धानाच्या बांध्यांत जातं; शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या किंवा चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीत हिशेब उलटा. तिथे पाणी वर काढलं नाही तर काम बंद. त्यात कोळसा खाणीचं पाणी आम्लयुक्त असलं की साधं बीड खाऊन टाकतं. मग पंपाच्या आतले भाग ब्राँझचे किंवा स्टेनलेस स्टीलचे लागतात.

किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी 1920 ची. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं आणि त्यातून पुढे मराठीतलं नावाजलेलं मासिक उभं राहिलं. ओतशाळेच्या पोटी मासिक, हा योग विरळाच! पुढच्या काळात हरिहर, बंगळूर, पुणे इथे यंत्रं, विजेच्या मोटारी, डिझेल इंजिनं असा पसारा वाढला. वाडीत पंप राहिले.

2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामात किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही होते. सुटका पाणबुड्यांनी केली. पंपांनी त्यांच्या वाटेतलं पाणी उतरवलं.