बंद पडलेली फटफटी

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे. बीडच्या दवाखान्यातून आईला घेऊन मी पाटोद्याच्या बाजूला आमच्या गावी निघालो होतो. गाडी वडिलांच्या वेळची, साडेतीनशे सी.सी.ची बुलेट. दिवस मावळतीला आलेला. मांजरसुंब्याचा घाट निम्मा चढलो असेन-नसेन, तोच गाडीने दोन उसासे टाकले आणि ती बंद पडली. किका मारून मारून माझा पाय भरून आला. आई कडेच्या दगडावर बसून होती, तिला दम लागत होता. ती म्हणाली, "आरं, तू दम घे जरा. तिलाबी घेऊ दे."

वीसेक मिनिटांनी गाडी एका किकेत सुरू झाली! पुढे हाच प्रकार आणखी तीनदा झाला. एका ठिकाणी दाखवली तेव्हा प्लग बदलला, कॉइल बदलली. पैसे गेले, दोष तिथेच राहिला. शेवटी एकदा गाडी बंद पडल्यावर, पेट्रोल आहे की नाही हे पाहावे म्हणून टाकीचे झाकण उघडले, तर 'स्स' करून हवा आत ओढली गेली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. झाकणाला बारीक भोक असते. पेट्रोल खाली उतरते तशी त्या भोकातून हवा आत येते. आमच्या काळ्या मातीने ते भोक बुजले होते. हवा आत येईना म्हणून पेट्रोल खाली उतरेना. थांबले की थोडी हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. आईचे म्हणणे खरेच होते म्हणायचे! एका टाचणीने काम झाले.

मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. मी मुलांना तर्कशास्त्र शिकवतो. पण त्या दिवशी कळले, की गाडी दुरुस्त करणे हे निम्मे पान्याचे काम आहे आणि निम्मे विचाराचे.

बुलेट आपल्याकडे जुनी. 1955 साली इंग्लंडच्या रेडिच येथील कंपनीशी भागी होऊन मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे 1960 साली म्हैसूरला जावा गाड्यांचा कारखाना निघाला. या जुन्या गाड्या आजही खेडोपाडी दिसतात. त्यांत संगणक नाही, सगळे डोळ्यांना दिसते. म्हणून त्या घरी समजून घेता येतात.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल आणि हवेचे मिश्रण, ते पेटवणारी ठिणगी, आणि ते दाबणारा दाब. गाडी सुरू होत नसेल तर या तिघांपैकी कोण गैरहजर आहे, एवढाच प्रश्न असतो. हजेरी घ्यावी तशी एकेकाची चौकशी करायची.

आधी सोपे पाहा. टाकीत पेट्रोल आहे का? नळ उघडा आहे का? किल्ली फिरवली का? हसू नका, निम्म्या वेळा उत्तर इथेच सापडते. मग प्लग काढून पाहा. चार-सहा किका मारूनही प्लग कोरडाच असेल, तर पेट्रोल पोचत नाही. झाकणाचे भोक, नळाची जाळी, नळी आणि कार्बोरेटर या क्रमाने बघत या. कार्बोरेटरचे जेट तारेने कोरू नका. ते मऊ पितळेचे असते, भोक मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. फुंकर मारा, नाहीतर पंपाने हवा मारा.

प्लग ओला निघाला, तर पेट्रोल येते आहे, संशय ठिणगीवर. प्लग पुसा, टोपीत बसवा, त्याचे लोखंडी अंग इंजिनाला टेकवून किक मारा. निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. हे करताना प्लग त्याच्या मोकळ्या भोकापासून आणि कार्बोरेटरपासून दूर ठेवा. पेट्रोल सांडले असेल तर आधी वाळू द्या. टोपीला ओला हात लावू नका, तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

ठिणगी नसेल तर पॉइंट पाहा. बॅटरी-कॉइलच्या बुलेटवर ॲमिटर असेल, तर तोच साक्षीदार. दिवा बंद, किल्ली चालू, आणि किक हाताने हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही, तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा बॅटरी, फ्यूज, तार यांत कुठेतरी खंड आहे. उणेकडेच अडकून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करावेत आणि पूर्ण उघडल्यावर फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावी. त्यासाठी फिलर गेज घरी असावा. तो महाग नाही.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी किक पोकळ लागते? मग दाब नाही. जुन्या बुलेटचे टॅपेट थंड इंजिनावर बघावेत. दांडी बोटांनी मोकळी फिरावी, पण वर-खाली हलू नये. फार आवळली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि दाब निसटतो. जावा, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्यांना टॅपेट नसतात. त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मात्र विसरू नये.

आणखी एक नवी गोष्ट. 2025 पासून आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. त्यातले काही आपल्याच उसाचे. ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि जुन्या रबराला ते मानवतेच असे नाही. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा. नळी मऊ पडली किंवा फुगली, तर बदला.

दोन नियम ध्यानात ठेवावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती वहीत लिहायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशाने सुधारली हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच खर्च. शिक्षकबंधूंनी ही फटफटी एकदा शाळेच्या अंगणात उभी करावी. 'कारण शोधणे म्हणजे काय' हा धडा फळ्यापेक्षा तिथे लवकर उमजेल.

आणि आपली हद्दही ओळखावी. ब्रेक, चाकाचे बेअरिंग, इंजिन उघडणे ही कामे जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावीत. गाडी सुरू झाली नाही तर माणूस चालत घरी येतो. घाटात उतारावर ती थांबली नाही, तर येत नाही.

आई आता थकली आहे. अजूनही मी गाडी काढली, की ती ओसरीवरून विचारते, "झाकणाचं भोक बघितलं का?"